बाजूचे डोळे

सासऱ्यांनी आपल्याशी अबोला धरलाय, हे सुनेने आता मान्य करून टाकलं होतं. आधी तिला वाईट वाटलं, मग राग आला, आणि आता दोन्ही निवून फक्त चहा वाया जातो याची हळहळ उरली होती. सकाळी कामावर निघण्याआधी चहा तीच करायची. सासऱ्यांची खुर्ची खिडकीशी होती, उजवीकडून भिंतीला टेकलेली. त्यामुळे येणारा माणूस त्यांच्याकडे डावीकडूनच येणार. ते वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले असायचे. ती डाव्या हाताच्या स्टुलावर कप ठेवायची आणि क्षणभर उभी राहायची. आता वर बघतील, निदान ‘हं’ म्हणतील, एवढीच तिची अपेक्षा. सासरे पान उलटायचे. ती निघून जायची, आणि जोडे घालता घालता आतून आवाज ऐकू यायचा की या घरात माणसाला वेळेवर चहा मिळायची काही सोय आहे की नाही.

माणसाने अबोला धरावा, पण त्यातही काही रीत असते. हाताशी कप ठेवलेला असताना चहा मागायचा, म्हणजे जखमेवर मीठ चोळणं झालं. तीही काही कमी नव्हती. तिने तोंडाने ‘बाबा, चहा’ म्हणणं कधीच बंद केलं होतं.

अबोल्याचं कारण तिला ठाऊक होतं, किंवा तसं तिला वाटत होतं. सासरे अजूनही बस चालवायचे. डेपोच्या साहेबांशी बोलून त्यांनी सुनेसाठी तिथल्या कचेरीत एक जागा बघून ठेवली होती. डोक्यावर पंखा, पुढ्यात टेबल, वेळेवर सुट्टी. घरी पाहुणे आलेले असताना मोठ्या कौतुकाने त्यांनी ही बातमी फोडली. सून म्हणाली, “बाबा, मला माझे कोळीच बरे. ते कुणाला हांजी हांजी करायला लावत नाहीत.” पाहुणे खो खो हसले. सासरे हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांची मान आपल्याकडे वळत नाही, असा तिचा हिशेब होता, आणि हिशेब अगदी चोख बसत होता.

कोळी म्हणजे खरेखुरे कोळी, आठ पायांचे. ती एका संस्थेत त्यांची देखभाल करायची आणि त्यांच्यावरच्या प्रयोगांत हात द्यायची. सासूने सुरुवातीला शेजारणींना ‘ती संशोधनात आहे’ असं सांगितलं. मग कोणीतरी खोदून विचारलं, तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाली, “लोकांच्या सुना घरातली जळमटं झाडतात, आमची पगार घेऊन ती सांभाळते.”

यातलं अर्धं खोटं होतं, कारण तिचे कोळी जाळं विणतच नव्हते. लोकांना वाटतं, कोळ्याला आठ डोळे म्हणजे त्याला आपल्या चौपट दिसत असणार. तसं काही नाही. कोपऱ्यात जाळं विणून बसणाऱ्या बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असूनही धड दिसत नाही. त्यांचा सगळा कारभार धाग्याच्या थरथरण्यावर चालतो. तिच्याकडचे होते ते नखाएवढे, केसाळ, मांजरासारखे दबा धरून उडी घालणारे. त्यांच्या तोंडासमोरचे दोन डोळे मोठे आणि काळेभोर. त्या दोन डोळ्यांनी त्यांना फार बारीक दिसतं, पण फार थोडं दिसतं, अरुंद फटीतून बघावं तसं. डोळ्यावरचं भिंग हलत नाही. त्याच्यामागे एक लांब नळी असते, तिच्या टोकाला पडदा असतो, आणि कोळी आतल्या आत ती नळी फिरवून समोरची वस्तू तुकड्यातुकड्याने न्याहाळतो. फिकट अंगाच्या कोळ्यांत तर वरून पाहिलं की ती नळी सरकताना दिसते. पहिल्यांदा तिने ते पाहिलं तेव्हा ती जेवायची विसरली होती.

राहिलेले डोळे बाजूला, थेट डोक्याच्या मागच्या भागापर्यंत. त्यांतला एक जोड तर नावापुरता, पण बाकीचे कामाचे. त्यांना रूप कळत नाही, हालचाल कळते. दार वाजलं हे सांगायचं काम बाजूच्या डोळ्यांचं, आणि कोण आलंय ते बघायचं काम पुढच्यांचं. बाजूला काही हललं की कोळी अख्खा गर्रकन वळतो आणि दोन मोठे डोळे त्या वस्तूवर रोखतो. माणसाकडेही तो असाच वळून बघतो. त्यामुळे तिला त्या खोलीत कधी एकटं वाटलं नाही, घरी मात्र वाटायचं.

सध्या प्रयोग या बाजूच्या डोळ्यांचाच चालला होता. कोळ्याला जरा गार करून सुस्त करायचं, स्पंजच्या खाचेत बसवायचं आणि भिंगाखाली धरून बाजूच्या डोळ्यांवर काळा लेप लावायचा. दाताचा साचा घ्यायला वापरतात त्या जातीचा हा लेप, नंतर सोलून काढता येणारा. पुढचे दोन डोळे तेवढे उघडे ठेवायचे. कोळी शुद्धीवर आला की त्याला बुचाच्या तुकड्यावर ठेवायचं, आणि काडीला लावलेला काळा मणी मागून बाजूने पुढे आणत आणत बघायचं की तो कधी वळतो. हात स्थिर लागतो, आणि तिचा होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई हे काम दुसऱ्या कोणाला देत नसत.

सासऱ्यांचाही हात स्थिर होता आणि नजर त्याहून. आपल्या चाकाखाली आजवर मांजरसुद्धा आलं नाही, हे ते दर चार दिवसांनी कोणाला तरी ऐकवायचे, आणि ते खरं होतं. डेपोत डोळे तपासायचे तेव्हा भिंतीवरच्या तक्त्याची सगळ्यात खालची ओळ ते घडाघडा वाचायचे. शिवाय तक्त्याच्या तळाशी छापखान्याचं नाव असतं, तेही वाचून दाखवायचे. तपासणारा कंटाळून शिक्का मारायचा. चष्मा लावणाऱ्या तरुण चालकांची ते यथेच्छ टिंगल करायचे.

हल्ली मात्र घरात आणि गल्लीत त्यांच्याबद्दल कुरबुर वाढली होती. समोरून आलं तर बोलतात, शेजारून हात केला तर ढुंकून बघत नाहीत, अशी तक्रार दोन घरांतून आली. म्हातारपणी मानेत ताठा शिरला, असा गल्लीने निकाल दिला. घरातल्या दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा रोज आपटायचा. सासू म्हणायची, घर तेच, दार तेच, खांदा तोच, तरी यांची रोज गळाभेट व्हायलाच हवी. मेजावरचा पेला त्यांच्या कोपराने पडला की पेला तिथे ठेवणाऱ्याचा उद्धार व्हायचा.

त्याच आठवड्यात जेवताना त्यांनी एक किस्सा सांगितला. थांब्यावरून गाडी काढताना एक बाई पिशवी घेऊन अचानक डावीकडून धावत पुढ्यात आली. ब्रेक दाबला म्हणून वाचली. लोकांना जिवाची पर्वा राहिलेली नाही, आंधळ्यासारखे रस्त्यावर येतात, असं म्हणून त्यांनी आणखी एक पोळी घेतली. नवऱ्याने मान डोलावली. सून आपल्या ताटात बघत जेवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मणी घेऊन कोळ्यासमोर बसली होती. कोळी ठणठणीत होता. समोर माशी सोडली की नेमकी उडी घालून धरायचा. मणी समोर आला की लगेच अंग सावरायचा. पण बाजूने मणी नेला की काही नाही. तिने डावीकडून नेला, अगदी त्याच्या पायाशी नेला, वरखाली नाचवला. कोळी समोर बघत शांत बसून राहिला, जणू कोणी आलंच नाही. लेप लावलेल्या कोळ्याने असंच करायचं असतं, म्हणजे प्रयोग नीट चालला होता. पण सकाळचा चहा मनात खदखदत होता म्हणून असेल, तिच्या तोंडून निघून गेलं, “अरे बघ की, इथे उभी आहे मी.”

आणि तिचा हात थांबला.

हे वाक्य ती रोज सकाळी स्टुलाशेजारी उभी राहून मनात म्हणत होती. शब्दसुद्धा तेच होते. तिला खुर्ची दिसली, भिंतीला टेकलेली उजवी बाजू दिसली, डावीकडचं स्टूल दिसलं. चौकट, पेला, हात करणारे शेजारी, सगळं एकामागून एक डोळ्यांपुढे आलं आणि सगळं बाजूचंच होतं. समोरून बोलवलं तर सासरे बोलत होते. समोरची पाटी, समोरचा तक्ता, समोरचा छापखाना, सगळं त्यांना दिसत होतं. तक्त्याला बाजू नसते.

तिला आधी काय वाटलं म्हणाल, तर आनंद झाला. खोटं कशाला बोला. बाबा आपल्यावर रागावलेले नाहीत, त्यांना आपण दिसतच नाही, या विचाराने तिच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि ती एकटीच हसली. मग तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. सासरे आत्ता गाडीवर होते, गाडीत माणसं होती, आणि पिशवीवाली बाई धावत आली नसेलही, हे तिच्या ध्यानात आलं. तिने मणी खाली ठेवला आणि ती उठली.

प्रमुख बाईंना तिने सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, माणसात असं काचबिंदूने होऊ शकतं. दुखत नाही, खुपत नाही, आणि अक्षरं शेवटपर्यंत वाचता येतात. पण आपण कोळ्यांच्या डॉक्टर, माणसांच्या नव्हे, तेव्हा आधी तपासून घ्या. तिने नवऱ्याला फोन लावला. तो वीजदुरुस्तीची कामं करायचा, तेव्हा शिडीवर होता. आधी त्याने थट्टा केली की कोळ्यावरून बापाचं निदान करणारी तू पहिलीच. मग तो शिडीवरून उतरला असावा, कारण आवाज बदलला. गेल्या महिन्यात बाबांच्या डाव्या बाजूला आपण बराच वेळ नुसते बसून होतो आणि तोंड उघडताच ते दचकून म्हणाले की तू कधी आलास, असं त्याने सांगितलं. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी हळूच दवाखान्यात नेऊ, आत्ता काही बोलू नकोस, असं त्याचं म्हणणं पडलं. डेपोला कळलं तर गाडी जाईल, आणि गाडी गेली तर बाबा घरात बसून काय करतील, हे तूच सांग.

तिने विचारलं, सुट्टीपर्यंत गाडीत किती माणसं चढतील आणि गाडीपुढून किती जातील? नवऱ्याने रात्री बोलू म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी सासरे घरी आले, हातपाय धुऊन मेजाशी बसले. नवरा कामावरून आला नव्हता. सून त्यांच्या समोर जाऊन बसली, डावीकडे नाही, बरोबर समोर. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवल दिसलं. ती म्हणाली की बाबा, एक खेळ खेळायचाय, माझ्या नाकाकडे बघत राहा आणि चमचा दिसला की सांगा. सासू पेले मांडता मांडता थांबली. सासऱ्यांना वाटलं कोळ्यांचंच काहीतरी खूळ असणार. ते म्हणाले, चल.

सुनेने हात लांब करून चमचा त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली. तुमचं माझं बोलायचं तर चमचा कानापाशी असतानाच हललेला कळतो. तो कानापुढे आला, डोळ्याच्या कोपऱ्याशी आला, गालापाशी आला. सासरे सुनेच्या नाकाकडे बघत वाट पाहत होते. “आण की लवकर,” ते म्हणाले. सासूचा हात तोंडाशी गेला. चमचा जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा ते म्हणाले, “हा आला.” उजवीकडे थोडं बरं होतं, फार नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी डोळे चोरून हलवून चमचा शोधला, तेव्हा सासू म्हणाली की परीक्षेत कॉपी करू नका.

मग सुनेने सांगितलं. कोळी, लेप, मणी, चौकट, पेला, सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की उद्या गाडीवर जाऊ नका.

सासरे उठून खिडकीशी गेले. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी त्यांनी वाचून दाखवली, खालची बारीक अक्षरंसुद्धा. ते म्हणाले की ज्याला आंधळा म्हणतेस त्याने हे वाचलंय. सून म्हणाली की आंधळे म्हटलंच नाही. तेव्हा त्यांचा तोल गेला. “इतके महिने माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस,” ते म्हणाले, “आणि आज तोंड उघडलंस ते माझी गाडी काढून घ्यायला?”

“मी बोलले नाही?” सून म्हणाली. “रोज चहा ठेवून तुमच्या शेजारी उभी राहते मी, बाबा. तुम्ही बघाल म्हणून.”

“कुठे उभी राहतेस?”

ती उठली आणि त्यांच्या डाव्या बाजूला, रोज उभी राहायची तेवढ्याच अंतरावर जाऊन उभी राहिली. सासरे समोर बघत होते. ते बराच वेळ समोरच बघत राहिले. मग त्यांनी सावकाश अख्खी मान वळवली, आणि ती तिथे होती.

“मला वाटायचं, ते कचेरीचं बोललो म्हणून तू रागावलीस,” ते म्हणाले. “चहासुद्धा समोर आणत नाहीस.”

सासू खाली बसली. ती म्हणाली की मला वाटलं, म्हातारपणी माणसं घुमी होतात, म्हणून मी काही बोलले नाही. सासरा-सून एकाच घरात राहून एकमेकांवर रुसली होती, आणि रुसायला कोणालाच काही कारण नव्हतं. हसावं की रडावं अशी वेळ होती. कोणी हसलं नाही, सासूने फक्त पदराने पेला पुसला, जो आधीच पुसलेला होता.

पानं मांडली. नवरा आला, त्याला सगळं चेहऱ्यांवरूनच कळलं आणि तो शहाण्यासारखा पानावर बसला. जेवून हात धुऊन आल्यावर सासरे कोणाकडेच न बघता म्हणाले की पिशवीवाल्या बाईबद्दल कंडक्टर वेगळंच सांगत होता. तो म्हणत होता, ती धावत आली नाही, कधीची उभीच होती. मी त्याला झापलं. एवढं बोलून ते आत गेले. उद्या गाडीवर जाणार की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.

सकाळी सुनेने चहा त्यांच्या पुढ्यात, वर्तमानपत्रावरच ठेवला. सासऱ्यांनी गणवेश चढवला होता. बटणं लावलेली, बूट चकचकीत. चहा संपवून ते म्हणाले, “माझी ड्यूटी अकराची आहे. त्याआधी मला तो तुझा कोळी दाखव.”

प्रयोगशाळेत त्यांना बघून प्रमुख बाईंनी खुर्ची दिली आणि स्वतः दुसऱ्या खोलीत निघून गेल्या. भिंतभर डब्या होत्या. सासरे जिकडे मान वळवायचे तिकडच्या डब्यांतले कोळी त्यांच्याकडे वळायचे. ते त्यांना आवडलं नाही, किंवा फार आवडलं, सांगता येत नाही. सुनेने कालचा कोळी बुचावर ठेवला आणि भिंग त्यांच्यापुढे सरकवलं. ती मणी फिरवायला लागली, तर त्यांनी तिच्या हातातून काडी घेतली.

त्यांनी मणी कोळ्याच्या समोर नेला. कोळ्याने अंग उचललं, दोन मोठे डोळे मण्यावर रोखले. “दिसतंय की पठ्ठ्याला,” ते म्हणाले. मग त्यांनी मणी बाजूला नेला. काही नाही. पुन्हा नेला. मणी कोळ्याच्या पायाला लागेल इतका जवळ नेला आणि तसाच धरून ठेवला. कोळी समोर बघत होता. डेपोच्या तक्त्यात तोही खालची ओळ वाचून पास झाला असता.

“त्या बाजूला त्याला अंधार दिसत असेल का?” त्यांनी विचारलं.

सून म्हणाली की कोळ्याच्या मनातलं आपल्याला कसं कळणार, पण बहुतेक नाही. अंधार दिसला असता तर तो बावरला असता, बिचकत चालला असता. त्या बाजूला काही नाहीच, असं त्याला वाटत असावं.

“बरोबर,” सासरे म्हणाले. “काही नाहीच असं वाटतं.” काडी त्यांनी हळूच टेबलावर ठेवली. “लेप निघतो का हा?”

“निघतो. चिमट्याने सोलला की सुटतो, त्याला काही होत नाही.”

“आणि माणसाचा?”

खोटं बोलायचं तिच्या जिभेवर आलं होतं. वाटेत तिने वाक्यही जुळवून ठेवलं होतं की हल्ली औषधं फार चांगली निघाली आहेत. पण ते तिच्याकडे समोरून बघत होते, आणि समोरचं त्यांना फार स्वच्छ दिसायचं. ती म्हणाली, “गेलेलं परत येत नाही, बाबा. आहे ते औषधाने टिकवता येतं म्हणतात. नक्की काय ते डोळ्यांचे डॉक्टर सांगतील.”

सासऱ्यांनी मान हलवली. ते म्हणाले, मग याचा तरी काढ. प्रयोग संपायला अजून अवकाश होता, पण सुनेने विचार केला नाही. तिने कोळ्याला खाचेत बसवलं आणि भिंगाखाली चिमट्याच्या टोकाने एकेक काळा ठिपका सोलून काढला. सासरे श्वास रोखून बघत होते. कोळी बुचावर परत आल्यावर काही वेळ पाय पुसत बसला. सासऱ्यांनी काडी उचलली आणि मणी त्याच्या डाव्या अंगाला, बराच मागे नेला. कोळी गर्रकन वळला. तो मण्याकडे बघत राहिला, मग मण्यामागच्या माणसाकडे. सासरेही त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि म्हणाले की चला, ड्यूटीची वेळ झाली.

सून त्यांच्यामागे जिना उतरली. डेपो दोन रस्ते पलीकडे होता. काय करावं तिला कळेना. अडवावं तर रस्त्यात तमाशा, न अडवावं तर त्याहून वाईट. शेवटी तिने ठरवलं की डेपोत आपणच साहेबांपुढे जाऊन उभं राहायचं, मग घरात अबोला झाला तरी बेहत्तर, या वेळी निदान त्याला कारण असेल. ती भरभर चालत त्यांच्या डाव्या बाजूला आली. ती शेजारी आल्याचं त्यांना कळलं की नाही, देव जाणे.

चौकात ते थांबले. सिग्नल नव्हता, गाड्या येत जात होत्या. हाच चौक ते रोज बसमधून ओलांडायचे, स्टिअरिंगमागे ऐटीत बसून. आता ते फुटपाथच्या कडेला उभे होते आणि पुढे पाऊल टाकत नव्हते. त्यांनी मान वळवली नाही. हात मात्र डावीकडे केला, चाचपडत, तिच्या बाहीला लागेपर्यंत.

“डावीकडून काय येतंय?” त्यांनी विचारलं.

“बस येतेय, बाबा. थांबा.”

ते थांबले. बस गेली, तिच्यामागून एक सायकल गेली. सून म्हणाली की आता मोकळं आहे. तरी ते हलले नाहीत. बाही त्यांनी घट्ट धरली होती.

“डेपोत तूही चल आत,” ते म्हणाले. “साहेबांच्या दारापर्यंत मी जाईन. पुढचं तू सांग. माझ्या तोंडून निघायचं नाही.”